मॅरेथॉननंतर दुखणे थांबले म्हणजे शरीर पूर्ववत झाले असे समजावे काय?

कुर्टीकर

सर्वांना नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन मी प्रथमच धावलो आणि पाच तासांच्या आत संपवली. परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ ज्यांनी पायांखाली घातला आहे, त्यांना त्यानंतरची पोटऱ्यांची अवस्था सांगायला नको. त्याच रात्रीच्या कोकणकन्येने निघालो, करमळीला उतरलो आणि पुढचे दोन दिवस घराचा जिना कठडा धरून उलट्या तोंडाने उतरत होतो. शुक्रवार उजाडेपर्यंत मात्र दुखणे जवळपास नाहीसे झाले.

आता आमच्या फोंड्याच्या धावणाऱ्या मंडळींत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की दुखणे गेले म्हणजे शरीर भरून आले, तेव्हा येत्या रविवारी मिरामार ते दोनापावल अशा फेऱ्या मारून वीस किलोमीटर पुरे करावेत, नाहीतर कमावलेला दम वाया जाईल. दुसरा तट म्हणतो की महिनाभर बूट माळ्यावर टाकून द्यावेत. माझी अडचण वेगळीच आहे. पाय दुखत नाहीत, परंतु सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त भरते आणि दुपारच्या जेवणानंतर डोळे उघडे राहत नाहीत. अशा वेळी कोणत्या लक्षणावर विश्वास ठेवावा? खाणे, मालीश, समुद्रस्नान यांविषयीचे आपले अनुभवही वाचायला आवडतील.

मांडवीकाठ

आपल्या दुसऱ्या तटाच्या म्हणण्याला एक जुना आधार आहे, परंतु तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर यांनी १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या ४१व्या वर्षी, २ तास ११ मिनिटे १९ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून रौप्यपदक मिळवले होते. शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस शरीराला द्यावा, हा ठोकताळा त्यांच्या नावाने सांगितला जातो. मॅरेथॉन २६ मैलांहून किंचित जास्त, म्हणजे हिशेब साधारण चार आठवड्यांचा झाला. मात्र या काळात पुन्हा शर्यत धावू नये किंवा जोरकस सराव करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. हलके धावणेसुद्धा वर्ज्य आहे असे त्यात कुठेही नाही. बूट माळ्यावर टाकण्याचे कलम आपल्या मित्रांनी स्वतःच्या पदरचे जोडलेले दिसते.

थिवीचा_उतारू

कुर्टीकर, कोकणकन्येत आपल्याला खालचा बर्थ मिळाला होता की वरचा, हे आधी सांगावे. वरचा मिळाला असल्यास आपण एका दिवसात दोन स्पर्धा पूर्ण केल्या, असे या धाग्यावर जाहीर करण्यात येईल.

कुर्टीकर

वरचाच मिळाला होता. समोरच्या एका वृद्ध गृहस्थांनी माझी दशा पाहून स्वतःचा खालचा बर्थ देऊ केला, आणि त्यांचे वय पाहता तो स्वीकारण्याचे धैर्य मला झाले नाही.

म्हापशाची_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः अर्ध मॅरेथॉन धावते, म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

दुखणे थांबणे आणि शरीर पूर्ववत होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे वेळापत्रकही निरनिराळे आहे. धावताना पाऊल टेकते त्या क्षणी मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी आकुंचन पावून देहाचा भार रोखून धरत असतो. अशा ताणाखालच्या आकुंचनाने स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होतात. जिना उतरताना स्नायूंना नेमके हेच काम करावे लागते, म्हणून चढताना माणूस कसाबसा चढतो आणि उतरताना कुर्टीकरांसारखा तोंड फिरवतो. ही वेदना शर्यतीनंतर २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि मग ओसरते. तिचा संबंध लॅक्टिक आम्ल साचण्याशी लावला जातो तो चुकीचा आहे. शर्यत संपल्यावर तासाभराच्या आसपास रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर आलेले असते, त्यामुळे मंगळवारच्या दुखण्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

वेदना ओसरल्यावरही दुरुस्ती चालूच असते. स्नायूंना इजा झाल्याचे दाखवणारे क्रिएटिन कायनेज हे विकर मॅरेथॉननंतर रक्तात कितीतरी पटींनी वाढते, साधारण दुसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि आठवडाभरही चढे राहू शकते. स्नायूंतील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, एरवी चांगल्या आहाराने एक-दोन दिवसांत भरून निघतो, परंतु इजा झालेले स्नायू तो अधिक सावकाश भरून घेतात. कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि हाडे तर याहून संथ असतात. कंडरांना रक्तपुरवठा कमी, आणि हाडांत जुना भाग काढून टाकण्याचे काम आधी होऊन नवा भाग घडण्याचे काम मागाहून होते, त्यामुळे मधले काही आठवडे ती जागा तुलनेने दुबळी राहते. दुखणे गेले म्हणून लगेच वीस किलोमीटर धावणारे बरेच जण माझ्याकडे येतात ते मांडीच्या दुखण्यासाठी येत नाहीत. टाचेमागची कंडरा, गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा नडगी धरून येतात, आणि तेही शर्यतीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात.

आपली चढलेली नाडी आणि दुपारची झोप ही शरीराने दिलेली स्पष्ट उत्तरे आहेत. पायांपेक्षा त्यांचे ऐकावे.

सत्तरीची_सून

आमच्याकडे माझे दीर धावतात आणि त्यांच्या खाण्याची काळजी माझ्यावर असते, म्हणून खाण्याबद्दल लिहिते. शर्यतीनंतर एक-दोन दिवस जडान्न नको वाटते. अशा वेळी उकड्या तांदळाची पेज, वर थोडे मीठ, सोबत खारातले तोर आणि भाजलेला सुका बांगडा, यासारखे दुसरे अन्न नाही. पेज घशाखाली सहज उतरते, घामातून गेलेले मीठ परत मिळते आणि पाणीही पोटात जाते. बाजारातली महागडी भुकटी दुधात कालवून पिण्याची गरज मला कधी दिसली नाही.

अंकगणित_कच्चे

पेजेविषयी पूर्ण आदर ठेवून एक हिशेब मांडतो. शर्यतीनंतरच्या पहिल्या चार तासांत साठा लवकर भरायचा असेल तर दर किलो वजनामागे दर तासाला १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. साठ किलोच्या माणसाला हे तासाला साठ ते सत्तर ग्रॅम झाले. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, परंतु पातळ पेजेच्या एका वाटीत तांदूळ असतो मूठभर आणि बाकीचे पाणी. नुसत्या पेजेवर हा आकडा गाठायचा तर तासाला भांडेभर पेज प्यावी लागेल. ज्याला पुढचे दोन-तीन आठवडे शर्यत नाही त्याला एवढी घाई नाही हे खरे, तरीही पेजेबरोबर केळी, गूळ किंवा पोयी असावी असे मला वाटते.

सत्तरीची_सून

आमच्या घरी पेज चमच्याने खातात, पितात ती निवळ. तुमच्याकडची पेज कोण करते ते तपासून पाहा! केळ्यांचा मुद्दा मात्र मान्य आहे. मोयऱ्याचे एक केळे खाल्ले की दोन साध्या केळ्यांचे काम होते.

म्हापशाची_फिजिओ

दोघांचेही बरोबर आहे. पहिल्या दिवशी पोट स्वीकारील ते खावे. शर्यतीत आतड्यांचा रक्तपुरवठा बराच घटलेला असतो, त्यामुळे पुष्कळांना काही तास मळमळते आणि अशा वेळी मीठ घातलेली पेज किंवा सोलकढी उत्तम. भूक उघडली की कर्बोदकांबरोबर दर जेवणात वीस ते तीस ग्रॅम प्रथिने मिळतील असे पाहावे. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण वीस ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांत बारा-तेरा.

नार्व्याचा_नातू

येथेच गोंयकार धावपटूची पंचाईत होते. मॅरेथॉन रविवारी असते आणि स्नायूंना प्रथिनांची सर्वाधिक निकड असते तो दिवस सोमवार निघतो. आमच्या घरी सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहार. आईला क्रिएटिन कायनेज समजावून सांगितले, तरी बांगडा मंगळवारीच मिळाला.

सत्तरीची_सून

त्यासाठी मुगागाठी आहेत, आळसांद्यांचे तोणाक आहे, दही आहे. सोमवारी उपाशी राहिलात तर तो दोष सोमवारचा नव्हे.

कळंगुटचा_वारा

मला आश्चर्य वाटते की एवढा वेळ समुद्राचा उल्लेख कोणी केला नाही. परदेशी खेळाडू बर्फ घातलेल्या टबात बसतात आणि आपल्याला तर निसर्गानेच एवढा मोठा टब दिलेला आहे. शर्यतीनंतर रोज संध्याकाळी कमरेइतक्या पाण्यात अर्धा तास उभे राहावे आणि नंतर वाळूतून अनवाणी चालावे. पाय हलके होतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

मांडवीकाठ

पाय हलके होतात हे खरे, परंतु त्याचे श्रेय थंडाव्याला देता येणार नाही. बर्फाच्या पाण्यावरचे प्रयोग साधारण १० ते १५ अंश तापमानाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसवून केलेले असतात. गोव्याच्या समुद्राचे पाणी जानेवारीतही २७-२८ अंशांच्या आसपास असते. आपण टबात नव्हे, कोमट काढ्यात उभे असता. पाण्याच्या दाबाने पायांची सूज थोडी उतरते आणि सांध्यांवरचा भार हलका होतो, म्हणून बरे वाटते. थंडच पाणी हवे असेल तर केसरव्हाळच्या किंवा पोंबुर्फ्याच्या झरीखाली बसावे, तेथील पाणी समुद्रापेक्षा नक्कीच गार लागते.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा काखेत घासून सोलवटलेले असेल तर पहिले दोन दिवस समुद्रात जाऊ नये. मिठाचे पाणी तेथे लागले की माणूस शर्यतीतल्यापेक्षा जास्त वेगाने किनाऱ्याकडे धावतो.

म्हापशाची_फिजिओ

थंड पाण्याने दुखण्याची जाणीव कमी होते याला बऱ्यापैकी आधार आहे, मात्र त्याने स्नायूंची दुरुस्ती लवकर होते असे म्हणता येत नाही. ज्यांना पुढे ताकद वाढवण्याचा व्यायाम करायचा आहे त्यांच्या बाबतीत रोजच्या बर्फस्नानाने फायदा थोडा कमीच होतो, असेही आढळले आहे. आवडत असेल तर एक-दोनदा घ्यावे, आवडत नसेल तर काही बिघडत नाही.

कळंगुटचा_वारा यांच्या वाळूतून चालण्याला मात्र माझा विरोध आहे. भुसभुशीत वाळूत टाच खोल रुतते आणि पोटरीसह टाचेमागच्या कंडरेला जास्त ओढ बसते. ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर चालणे तुलनेने सोपे, परंतु तेथे किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एका पायावर भार अधिक येतो. पहिल्या आठवड्यात कांपालचा सपाट पदपथ बरा.

फेणीभक्त

या धाग्यावर एवढे वैद्यकशास्त्र उगाळले जात आहे आणि काजूच्या फेणीने पाय चोळण्याचे नाव कोणी घेत नाही, ही आपल्या परंपरेची हेळसांड आहे. आमच्या आजोबांनी कुळागरातल्या साऱ्या कष्टांवर हाच उपाय केला. अर्धी पायांना आणि अर्धी पोटात, असे त्यांचे प्रमाण होते.

काणकोणचा_वैद्य

मी एमबीबीएस डॉक्टर आहे, टोपणनाव केवळ हौसेचे. फेणी पायांना चोळण्यास माझी हरकत नाही. चोळण्यामुळे आणि उबेमुळे बरे वाटते, फक्त सोलवटलेल्या कातडीवर ती लावू नये. पोटातल्या अर्ध्या भागाबद्दल २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. व्यायामानंतर प्रथिनांसोबत मद्य दिले असता स्नायूंमधील नवी प्रथिने घडण्याचे प्रमाण, नुसती प्रथिने दिल्यापेक्षा, २४ टक्क्यांनी कमी आढळले. प्रयोगात दिलेले मद्य पुष्कळ होते, त्यामुळे एका पेल्याला हा आकडा लावणे अन्यायाचे ठरेल. परंतु शर्यतीच्या संध्याकाळी शरीरात पाणी आधीच कमी असते, रात्रीची झोप मद्याने उथळ होते आणि पाय लटपटत असताना माणूस स्कूटरवर बसतो. ही तीन कारणे मला पुरेशी वाटतात.

मला खरी काळजी वाटते ती वेदनाशामक गोळ्यांची. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. मॅरेथॉनमध्ये तो आधीच कमी झालेला असतो, स्नायूंमधून सुटलेल्या प्रथिनांचा निचराही मूत्रपिंडालाच करायचा असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी लोक सकाळी एक, शर्यत संपल्यावर एक आणि गाडीत एक अशा गोळ्या घेतात. पहिले दोन दिवस त्या टाळाव्यात. अगदीच असह्य झाले तर पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेतच घ्यावे.

पाणी भरपूर प्यावे, हा सल्लाही विचारपूर्वक द्यायला हवा. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यांतील १३ टक्के लोकांचे सोडियम धोक्याच्या रेषेखाली, म्हणजे लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी होते, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी, म्हणजेच गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याशी आढळला. तहान लागेल तसे प्यावे आणि सोबत मीठ असावे, म्हणून सत्तरीच्या ताईंची पेज मला पटते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र धाग्यावर विचारत बसू नये. लघवी काळ्या चहासारखी होणे किंवा अगदीच न होणे, डोके फार दुखून गोंधळल्यासारखे होणे व उलट्या होणे, छातीत दुखणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर कळवावे. मुंबईहून रात्रभर बसून प्रवास केल्यावर एकाच पोटरीत सूज, उष्णता आणि दुखणे असेल तर ते स्नायूंचे दुखणे समजून चोळू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत असतील तर बहुधा चिंता नसते.

फेणीभक्त

डॉक्टरसाहेब, आपण फेणीपासून आरंभ करून १०८ क्रमांकापर्यंत पोहोचलात, त्यामुळे आता चोळण्याचाही धीर होत नाही.

दाबोळीचा_दौडवीर

मला हा सारा प्रकार अतिरंजित वाटतो. मी बरीच वर्षे मॅरेथॉन धावत आहे आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच किलोमीटर हलके धावतो. त्याने रक्त खेळते राहते आणि पाय मोकळे होतात. डिसेंबरमध्ये आमच्या भागात चिखलीला नदीकाठची मॅरेथॉन होते, ती धावून जानेवारीत मुंबईलाही जातो. मला आजवर मोठी दुखापत झालेली नाही. आजकाल शरीराला जपण्याचेच शास्त्र फार झाले आहे.

म्हापशाची_फिजिओ

आपला अनुभव मी खोटा म्हणत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायू अशा इजेला सरावतात आणि एकाच तऱ्हेच्या श्रमाने पुढच्या वेळी होणारे नुकसान कमी असते, हे प्रयोगांतूनही दिसलेले आहे. परंतु ज्यांना आपल्यासारखे करून दुखापत झाली ते आज धावत नाहीत, त्यामुळे त्यांची प्रतिक्रिया या धाग्यावर येणार नाही. कुर्टीकरांची ही पहिलीच मॅरेथॉन आहे. रक्त खेळते राहण्यासाठी वीस-तीस मिनिटे चालणे, तळ्यात पोहणे किंवा सपाट रस्त्यावर सायकल चालवणे यांचाही तितकाच उपयोग होतो, आणि त्यात पाऊल आदळत नाही.

दाबोळीचा_दौडवीर

पहिल्या मॅरेथॉनबद्दलचा मुद्दा मान्य आहे. मी माझ्यापुरते लिहिले होते.

डिचोलीची_धावपटू

दोन दिवस हा धागा वाचते आहे आणि एक गोष्ट खटकते. विश्रांती घ्यावी, पाय उंच करून पडावे, नऊ तास झोपावे, असे सर्वजण लिहितात. ही विश्रांती कोणाच्या घरात मिळते? मीही याच शर्यतीत होते. सोमवारी सकाळी घरी पोहोचले तेव्हा मुलाची शाळा होती, डबा होता, सासूबाईंचे औषध होते आणि दहा वाजता कार्यालय होते. माझ्याबरोबर धावलेले माझे यजमान त्या दिवशी रजेवर होते आणि त्यांच्या गुडघ्यांना लावण्यासाठी तेल गरम करण्याचे कामही माझ्याकडेच आले. खाली वाकून स्वयंपाकघराच्या खालच्या कपाटातून कुकर काढणे हे मॅरेथॉननंतरचे सर्वांत कठीण काम आहे, याची नोंद कोणत्याही आहारशास्त्राच्या पुस्तकात नसावी.

तेव्हा ज्यांना खरोखर पडून राहता येत नाही त्यांनी काय करावे, हे कोणी सांगावे.

पर्वरीचा_पर्यवेक्षक

डिचोलीच्या ताईंच्या प्रश्नाला माझीही जोड आहे. मी हॉटेलात काम करतो आणि पाळीचे नऊ तास उभ्यानेच जातात. जानेवारीत पर्यटकांची गर्दी असल्याने शर्यतीसाठी एक दिवस रजा मिळाली हेच पुष्कळ झाले. मंगळवारी दुपारी घोट्यांपाशी मोज्यांचे वळ उमटले होते, इतकी सूज होती.

म्हापशाची_फिजिओ

हे दोन्ही प्रश्न आधीच यायला हवे होते. पडून राहणे हा विश्रांतीचा एकच प्रकार नव्हे आणि घरातली किंवा हॉटेलातली हालचाल स्नायूंना अपायकारकही नाही. अपाय होतो तो पुरेशी झोप आणि पुरेसे अन्न न मिळाल्याने, आणि त्याच आठवड्यात सराव पुन्हा सुरू केल्याने. ज्याला कामामुळे झोप कमी मिळते त्याने धावणे इतरांपेक्षा एक आठवडा उशिरा सुरू करावे, कारण तोही भार शरीर त्याच खात्यात मांडते. उभ्याने काम असेल तर पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे घालावेत, दर अर्ध्या तासाने टाचा उचलून दहा-पंधरा वेळा वर-खाली व्हावे आणि घरी गेल्यावर पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटे पडावे. डिचोलीच्या ताईंच्या यजमानांसाठी एक व्यायाम सुचवते. कुकर खालच्या कपाटातून रोज तीन वेळा काढून वर ठेवावा, गुडघ्यांना फार चांगला असतो.

थिवीचा_उतारू

यजमान हा धागा वाचत असल्यास त्यांनी हात वर करावा.

डिचोलीची_धावपटू

वाचत आहेत. कुकर आता वरच्या फळीवर आला आहे, काढणारा मात्र अद्याप तोच आहे.

साखळीचा_सर्दी_पडसे

शर्यतीनंतर हमखास सर्दी होते, असा माझा अनुभव आहे. यामागे काही शास्त्र आहे का?

काणकोणचा_वैद्य

१९८७ सालच्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी आजारी पडल्याचे सांगितले होते, तर नोंदणी करूनही न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होते. त्यावरून दीर्घ श्रमानंतर प्रतिकारशक्ती काही तास खालावते असा सिद्धान्त रूढ झाला. अलीकडे त्याला आक्षेप घेतले गेले आहेत, कारण सर्दी झाल्याचे लोकांनी स्वतः सांगितले होते आणि धूळ व कोरड्या हवेनेही घसा खवखवतो. माझ्या मते गर्दी, अपुरी झोप आणि बंद डब्यातला रात्रीचा प्रवास ही कारणे आपल्याकडे पुरेशी आहेत. ताप असेपर्यंत धावू नये, एवढे मात्र वादातीत आहे.

नार्व्याचा_नातू

माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आहेत. मंगेशीच्या जत्रेत अनवाणी उभे राहावे लागणार आणि कोणीतरी पाय देणारच. काय करावे?

मांडवीकाठ

नखाखाली रक्त साकळलेले आहे. ठणकत नसेल तर त्याला हात लावू नये, सुईने टोचण्याचे घरगुती प्रयोग तर मुळीच करू नयेत. नख काही आठवड्यांत आपोआप सुटते आणि पायाच्या अंगठ्याचे नवे नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागते. जत्रेत अंगठ्यांवर चिकटपट्टी लावून जावे. पुढच्या वेळी बूट अर्ध्या मापाने मोठा घ्यावा.

कुर्टीकर

सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारचे वीस किलोमीटर रद्द केल्याचे मी आमच्या गटाला कळवले आहे. एका सभासदाने त्यावर मला वृद्धाश्रमाचा पत्ता पाठवला, ते असो. नाडी अजून चार-पाच ठोके वरच आहे. आता नेमके केव्हा आणि कसे सुरू करावे, हे फिजिओ ताईंनी सांगितल्यास बरे होईल. आणखी एक गोष्ट येथेच विचारतो. शर्यत संपल्यापासून मन फार रिकामे वाटते. पहाटे चारला जाग येते आणि उठण्याचे काही कारण नसते.

म्हापशाची_फिजिओ

पहिला आठवडा केवळ चालण्याचा आणि पोहण्याचा समजावा. तो आपला झालाच. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड वीस ते तीस मिनिटे, सहज बोलता येईल इतक्या मंद गतीने धावावे आणि फर्मागुडीच्या चढाकडे, विशेषतः त्याच्या उताराकडे, फिरकू नये. तिसऱ्या आठवड्यात वेळ वाढवून चाळीस-पन्नास मिनिटांपर्यंत न्यावी, वेग तसाच ठेवावा. वेगाचा सराव चौथ्या आठवड्यानंतर करावा. शर्यतीपूर्वीच्या आठवड्यांत आपण सराव जसा उतरवत आणला होता, तोच क्रम उलट्या दिशेने चढवायचा.

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. सकाळची नाडी सलग तीन-चार दिवस नेहमीच्या आकड्यावर यावी. कठड्याला हात न लावता जिना सरळ तोंडाने उतरता यावा. आणि एका पायावर उभे राहून वीस वेळा टाच उचलता यावी, दोन्ही पायांनी सारखीच. याशिवाय नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल आणि ती रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर धावणे थांबवून आधी अस्थितज्ज्ञांना दाखवावे. स्नायूंचे दुखणे तळहाताने दाखवले जाते, हाडाचे बोटाने.

मालीश विचारले होते ते राहून गेले. पहिल्या दोन दिवसांत जोरकस मालीश करू नये, त्यानंतर हलक्या हाताने करण्यास हरकत नाही.

दाबोळीचा_दौडवीर

मनाच्या रिकामेपणावर मी सांगतो, कारण तो मला प्रत्येक वेळी जाणवतो. चार-पाच महिने सगळा दिनक्रम एका तारखेभोवती बांधलेला असतो आणि ती तारीख मागे पडली की काय करावे सुचत नाही. बहुतेक जण त्याच आठवड्यात पुढच्या शर्यतीचे पैसे भरून टाकतात. तसे लगेच करू नये. पहाटे उठण्याची सवय मात्र मोडू नये. चारला नाही तरी सहाला उठावे, जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडीला जावे आणि घड्याळ घरी ठेवून बेटावर चालावे. महिन्याभरातही मन उभारी धरत नसेल, झोप आणि भूक दोन्ही गेली असतील, तर तो विषय डॉक्टरांचा आहे.

डिचोलीची_धावपटू

दौडवीर यांच्याकडून घड्याळ घरी ठेवण्याचा सल्ला येईल असे वाटले नव्हते! मला डॉक्टरांना एक विचारायचे आहे. शर्यतीनंतर थकवा जास्तच टिकून आहे, म्हणून उद्याच रक्तातील लोह तपासून घेण्याचा विचार आहे. ते योग्य ठरेल का?

काणकोणचा_वैद्य

तपासणी अवश्य करावी, परंतु उद्या नको. नुसते हिमोग्लोबिन पाहून लोहाचा साठा कळत नाही, त्यासाठी फेरिटिन तपासावे लागते, आणि फेरिटिन शरीरात दाह असताना वाढते. शर्यतीनंतर लगेच तपासल्यास साठा कमी असूनही आकडा पुरेसा दिसू शकतो आणि आपण निर्धास्त राहाल. शर्यतीनंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, सर्दी-ताप नसताना सकाळी नमुना द्यावा आणि आदल्या दिवशी धावू नये. मासिक पाळीतून, घामातून आणि पाऊल आदळून फुटणाऱ्या तांबड्या पेशींतून धावणाऱ्या स्त्रियांचे लोह कमी होत असते, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. तोवर जेवणाबरोबर चहा घेणे बंद करावे आणि डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळावे. लोहाच्या गोळ्या अहवाल येण्याआधी स्वतःहून सुरू करू नयेत. अहवाल आल्यावर आकडा येथे लिहिण्यापेक्षा आपल्या डॉक्टरांना दाखवावा. धक्का बसण्याइतका थकवा असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर मात्र दोन आठवडे थांबू नये, उद्याच त्यांना भेटावे.